सहा अँटेनांचा राउटर

रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. मुरबाडच्या बाजारातलं इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं दुकान. रक्कम तीन हजार सातशे पन्नास रुपये, रोख. हजर माणसं चार: मी, माझी बायको, दुकानदार, आणि दाराच्या चौकटीला टेकून जीपची किल्ली बोटात फिरवणारा माझा चुलतभाऊ. वस्तू एक: घरात वायफाय पसरवणारा राउटर. काळा, सहा अँटेनांचा.

चुलतभावाचं दुकानात काही काम नव्हतं. आमचं गाव मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे. बाजाराला यायचं तर एसटी नाहीतर शेअर जीप, आणि त्या सकाळी एसटी आलीच नाही. हा जीप चालवतो. त्याने आम्हाला पुढच्या सीटवर बसवलं, दोघांचे ऐंशी रुपये होत होते ते घेतले नाहीत, आणि "दादा, मी पण येतो, बगू तरी काय घेतोस," म्हणून मागोमाग दुकानात शिरला.

दुकानदाराने खोका उघडून राउटर काउंटरवर ठेवला आणि एकेक अँटेना उभी केली. चुलतभाऊ त्या मोजत होता. सहावी उभी राहिली तेव्हा म्हणाला, "दादा, रेडिओ स्टेशन काढतंस काय गावात?"

दुकानदार हसला. माझी बायकोही हसली. मी पैसे मोजून दिले आणि पावतीवर वॉरंटीची तारीख घालून घेतली.

हा राउटर मी चुलतभावावर मात करायला घेत होतो. ते फक्त मलाच माहीत आहे अशी माझी समजूत होती.

आमची दोन घरं म्हणजे मुळात एकच घर. आजोबांच्या मागे दोन भावांनी मध्ये भिंत घातली, दगडमातीची, दीड फूट जाड. अलीकडे आबा, म्हणजे माझे वडील, पलीकडे काका. काका जाऊन नऊ वर्षं झाली. पलीकडे आता हा चुलतभाऊ, त्याची बायको आणि दोन मुली. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. माझ्या वडिलांना तो लहानपणापासून 'आबा'च म्हणतो. खरं तर त्याने मोठे बाबा म्हणायला हवं. मी हे एकदा बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा आम्ही दोघे शाळेत होतो.

आबांचं वय एक्क्याऐंशी. शेतीचं काम आता माझी बायको आणि मजूर बघतात. मी मुरबाडच्या कारखान्यांच्या वसाहतीजवळ वजनकाट्यावर बावीस वर्षं नोकरी करतो. भरलेली गाडी काट्यावर येते, तिचं वजन घ्यायचं. रिकामी होऊन परत येते, तिचं वजन घ्यायचं. वजा करून उरतं ते निव्वळ. सहा दिवस हे काम, रविवार सुट्टी. आणि रविवारची दुपार, गेली कित्येक वर्षं, आबांची आणि माझी. जेवण झालं की ते ओटीवर खाटेवर पडायचे आणि मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. पाऊस किती मिलिमीटर झाला, भाताला काय भाव निघाला, कोणत्या धरणात किती टक्के पाणी. ते हूं हूं करायचे. कधी झोप लागायची, तरी मी पान पूर्ण करायचो.

गेल्या श्रावणात रस्त्याच्या खांबांवरून फायबरची केबल गावात आली. आमच्याकडे मोबाईलचं नेटवर्क बोअरिंगपाशी उभं राहिलं तरच मिळतं, त्यामुळे लोकांनी कनेक्शनं पटापट घेतली. पहिलं चुलतभावाने. त्याने काही चौकशी केली नाही. केबलवाल्याने दोन अँटेनांचा जो पांढरा राउटर दिला तो त्याने ओटीच्या आढ्याला खिळ्यावर लटकवला, आणि दिवाळीनंतर शर्यतींचा हंगाम लागताच दर रविवारी दुपारी त्याच्या ओटीवर बैलगाड्यांच्या शर्यती मोबाईलवर लाइव्ह सुरू झाल्या.

पहिल्या रविवारी आबा म्हणाले, "जरा पाय मोकळं करून येतो." ते साडेचार तासांनी आले. दुसऱ्या रविवारी काही न बोलता गेले. मी पेपर घेऊन ओटीवर बसलो होतो. भिंतीपलीकडून आरोळी उठली, त्यात आबांचा आवाज वेगळा कळला. माझ्याकडे बसून आबा इतक्या मोठ्याने कधी ओरडल्याचं मला आठवत नव्हतं.

मला हेवा वाटला. एकावन्न वर्षांच्या माणसाला, वडिलांवरून. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आकडा आहे तो आहे.

आणि तो हेवा त्या दिवशीचा नव्हता. आबांकडे एके काळी शर्यतीची जोडी होती. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. सरावाला आबा गाडी काढायचे तेव्हा चुलतभाऊ बैलांच्या बाजूने अनवाणी पळत सुटायचा, कासरा धरायचा, शेपटीचा फटका खायचा. मला बैलांची भीती वाटायची. माझ्याकडे आबांचं घड्याळ असायचं. मी बांधावर उभा राहून सेकंद मोजायचो आणि वहीत लिहायचो. गाडी थांबली की आबा आधी बैलांच्या अंगावरून हात फिरवायचे, मग चुलतभावाच्या पाठीवर थाप मारायचे, आणि मग माझ्याकडे बघून विचारायचे, "किती?" मी आकडा सांगायचो. ते मान हलवायचे. ती वही मी जपून ठेवली होती. जोडी विकल्यावर त्यांनी ती कधी मागितली नाही.

म्हणून दिवाळीनंतर मी कनेक्शन घ्यायचं ठरवलं. केबलवाला म्हणाला, "काका, फायबरचा डबा मी लावतो, राउटर आपल्याकडचाच घ्या, फुकट हाय." तो तसलाच होता, दोन अँटेनांचा. मी म्हटलं, नको. मी माझा बघतो.

पंधरा दिवस मी राउटरचा अभ्यास केला. वहीचं पान आडवं धरून अकरा रकान्यांचा तक्ता काढला आणि शंभर गुण वाटले. वेगाला पंचवीस. पल्ल्याला वीस. अँटेनांना दहा. वॉरंटीला पंधरा. लहरींचे दोन पट्टे असतात, एक दूर जाणारा पण सावकाश, दुसरा वेगवान पण भिंतीला हार खाणारा. दोन्ही असतील तर दहा. एकाच वेळी किती यंत्रं जोडता येतात याला पाच. खोक्यांवर चौसष्ट, शंभर असे आकडे होते, आणि आमच्या घरात दोन मोबाईल आणि एक टीव्ही. पाहुण्यांसाठी वेगळा पासवर्ड ठेवायची सोय, पाच. मुलं काय बघतात यावर आईवडिलांचं नियंत्रण, शून्य. मला उलटी सोय हवी होती, आणि ती कुठल्याच खोक्यावर नव्हती.

घराचा नकाशाही काढला. ओटी ते माजघर अकरा फूट, माजघर ते स्वयंपाकघर नऊ. बायको कणीक मळत होती. ती म्हणाली, "अहो, घर केवढं, तुमचं माप केवढं! स्वयंपाकघरात वायफाय कशाला? भाकरीला?"

"सगळीकडे सारखं पाहिजे," मी म्हटलं.

"आबा बसतात ओटीवर. तिथं आलं की झालं ना तुमचं?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं की तिने ओळखलंय.

एके संध्याकाळी शिडी मागायच्या निमित्ताने मी पलीकडे गेलो आणि चुलतभावाच्या राउटरचा मॉडेल नंबर बघून आलो. तक्त्यात भरला. त्याला अडतीस गुण पडले. त्याच्या राउटरातून लाल आणि काळ्या अशा दोन उघड्या वायरी निघून खाली बाकड्यामागे गेल्या होत्या. प्लग तुटला असेल, म्हणून जोडून घेतलं असेल, असं मी धरून चाललो. तो सगळं असंच करतो. जीपचा आरसाही त्याने सुतळीने बांधलेला आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. चौदाशे रुपयांचा एक साधा राउटर मला पुरेसा होता, हे मला माहीत होतं. खोक्यावरचा वेग म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन. गाडीत माल किती ते आपण कनेक्शन किती वेगाचं घेतो त्यावर ठरतं, आणि माझं कनेक्शन चाळीसचं होतं. चाळीसच्या कनेक्शनला बाराशे वेगाचा राउटर म्हणजे टेम्पोभर गवताला दहाचाकी ट्रक. रोज असल्या गाड्यांना हसणारा मी माणूस. चौदाशेच्या राउटरला माझ्या तक्त्यात एकाहत्तर गुण पडले होते. सहा अँटेनांच्या राउटरला एक्क्याण्णव. वरच्या वीस गुणांसाठी मी दोन हजार तीनशे पन्नास रुपये जादा मोजले. चुलतभावाच्या अडतीसवर एकाहत्तरने मात होतच होती. मला तेवढ्याने भागणार नव्हतं.

राउटर घरी आला. बायकोने त्याला हळदकुंकू लावलं. मी तो माजघराच्या दारावर फळी ठोकून बसवला, टीव्ही माजघरातून ओटीवर आणला, आणि आबांची खुर्ची टीव्हीपासून बरोबर आठ फुटांवर ठेवली. टीव्हीच्या पुस्तकात तेवढंच अंतर दिलं होतं.

पुढच्या रविवारी, तेवीस तारखेला, शर्यती शहापूरच्या बाजूला एका माळावर होत्या. मी दीड वाजताच लावून ठेवलं. आबा आले, बसले.

"कसं दिसतंय?" मी विचारलं.

"झकास."

"बैलाच्या पाठीवरचा केस दिसतो बघा."

"दिसतो ना."

त्यांनी वीस मिनिटं पाहिलं. मी प्रत्येक जोडीची वेळ घड्याळावर धरून सांगत होतो. मग एक गाडी अर्ध्यावर असताना भिंतीपलीकडून आरोळी उठली, "गेली! तांबडी गेली!" आमच्या टीव्हीवर गाड्या अजून मैदानाच्या मध्येच होत्या. सहा सेकंदांनी तांबडी जोडी रेघ ओलांडून गेली. आबा उठले. "जरा जाऊन येतो," म्हणाले.

मी केबलवाल्याला बोअरिंगपाशी जाऊन फोन लावला. त्याला म्हटलं, माझं चित्र शेजाऱ्यापेक्षा सहा सेकंद मागे आहे.

तो म्हणाला, "काका, टीव्हीवर थोडं मागंच येतं. मोबाईलवर जरा आधी येतं. राउटरचा काय दोष नाय."

"मग इतके पैसे कशाचे दिले मी?"

"ते मला काय माहीत? मी फुकट देत होतो."

आठवडाभर मी ते सहा सेकंद कमी करायच्या मागे होतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो, राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलो, टीव्हीला वायफायऐवजी सरळ वायर जोडली. सहाचे पाच झाले. काट्यावर एका गाडीचं रिकामं वजन लिहायचं राहून गेलं आणि ड्रायव्हर अर्ध्या वाटेवरून परत बोलवावा लागला. बावीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

तीस तारखेला मी वेगळा बेत केला. बायकोला कांद्याची भजी करायला लावली. आजूबाजूच्या दोघा-चौघांना स्वतः जाऊन सांगितलं की मोठ्या पडद्यावर आहे, या. तिघे आले. आबांना खुर्चीवर बसवलं. शेवटच्या फेरीपर्यंत ते बसून राहिले, दोन तास दहा मिनिटं. पलीकडची ओटी त्या दिवशी निम्मी रिकामी होती. भिंतीपलीकडचा आवाज बारीक झाल्यासारखा वाटत होता आणि मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं.

शेवटच्या फेरीच्या दोन गाड्या सुरुवातीच्या रेघेवर आल्या. झेंडा वर गेला. आणि लाईट गेली.

टीव्ही बंद. राउटरवरचे दिवे बंद. सहा अँटेना तशाच उभ्या. भजी खाणारे तिघे एकमेकांकडे बघत राहिले. आणि भिंतीपलीकडे चुलतभावाचा आवाज मात्र चालू होता, मोठा, एका सुरात. आबा खुर्चीतून उठले, भिंतीला हात लावत लावत ओटीच्या पायऱ्या उतरले आणि पलीकडे गेले. त्यांच्यामागून ते तिघे. एकाने जाताना भज्यांची ताटली उचलली. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "आता तुमी पण जा. ताटली आणायला जा हवं तर."

मी गेलो. अंगणाच्या कोपऱ्यावर, शेवग्यापाशी थांबलो. तिथून पलीकडची ओटी सगळी दिसत होती.

मोबाईल एका डब्याला टेकवून बाकड्यावर ठेवला होता. सातआठ माणसं त्याच्याभोवती वाकली होती. आबा मात्र मोबाईलकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसले होते. डोळे मिटलेले. चुलतभाऊ त्यांच्या कानाशी वाकून बोलत होता.

"डावीकडं पांढरी जोडी, आबा, उजवीकडं तांबडी. सुटल्या! तांबडी पुढं... एक कासराभर पुढं. पांढऱ्यातला उजवा बैल ओढतोय, डावा बघत राहिलाय. आता डाव्यानं मान खाली घातली."

"कान?" आबांनी विचारलं.

"कान मागं गेलं आबा! दोघांचं मागं गेलं!"

"मंग हरली तांबडी! आता नाय थांबत ते!"

"बरोबरीला आल्या... अर्ध्या मानेनं पुढं... पांढरी! पांढरी गेली!"

सगळे ओरडले. आबांनी डोळे न उघडताच हात वर केला आणि चुलतभावाच्या पाठीवर थाप मारली.

मी पुढे झालो. मला बघून त्यातला एक म्हणाला, "काटेवाले आले रं! भजी मोजून ठेवा आता."

"बस ना दादा," चुलतभाऊ सरकत म्हणाला. "लाईट गेली ना तुझ्याकडं? माझी पण गेली."

"मग हे कसं चालू?"

त्याने बाकड्यामागे बोट दाखवलं. लाल आणि काळी वायर जीपच्या जुन्या बॅटरीला लावलेली होती. "सेल मारायला जमत नाय तिला आता, पण ह्याला चार-पाच तास खेचते. ह्यो राउटर बारा व्होल्टचा, केबलवाल्याचा डबा पण बारा, जीपची बॅटरी पण बारा. तुझा पण बाराच असंल. उलटा करून बग, खाली लिवलेलं असतं."

माझ्या तक्त्यात अकरा रकाने होते. लाईट गेली तर काय, हा रकाना नव्हता. काट्यावर लाईट गेल्याची आणि आल्याची वेळ रोज मीच नोंदवतो. नोव्हेंबरातच सतरा नोंदी होत्या. पण मी खोक्याची तुलना खोक्याशी करत बसलो, आणि त्याची वायर बघून त्याला गबाळा ठरवला.

पण मी ते सगळं नंतर मनात मांडलं. त्या वेळी मी आबांकडे बघत होतो.

"तुम्ही बघत का नाही?" मी विचारलं.

आबा म्हणाले, "बगतोय की."

"पाठ करून?"

"तिकडं बगितलं तर उजेड नुसता फुटतो. असं बरं दिसतं."

चुलतभावाने किल्ली हातात घेतली, परत ठेवली. म्हणाला, "दादा, मोतीबिंदू हाय. दोन्ही डोळ्यांत. उजवा पिकलाय. गणपतीच्या आधी शापूरला नेलं व्हतं मी, तिकडचं भाडं व्हतं म्हणून. डॉक्टर बोलला ऑपरेशन करा, घाई नाय, पण करा."

गणपतीच्या आधी. म्हणजे तीन महिने मी ज्या माणसाला पेपर वाचून दाखवत होतो, ज्याची खुर्ची आठ फुटांवर मोजून ठेवत होतो, बैलाच्या पाठीवरचा केस दिसतो का म्हणून विचारत होतो, त्याला टीव्हीचा पडदाच नीट दिसत नव्हता. आणि ते याला माहीत होतं. मला नाही. राग आला पाहिजे होता, किंवा वाईट वाटलं पाहिजे होतं. तेही वाटलं. पण सगळ्यात आधी जे वाटलं ते हेच, की आबांनी त्याला सांगितलं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. आवाज चढला होता.

आबांनी माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "तुला सांगितलं असतं तर तू तक्ता मांडला असतास. शापूरचा डॉक्टर का कल्याणचा, ह्याला किती गुण, त्याला किती गुण. म्हटलं शर्यती होऊ देत, मंग सांगू."

माणसं हसली. मीही हसल्यासारखं केलं. ताटली घेतली. ती रिकामी होती.

त्यानंतर दर रविवारी मी पलीकडे जाऊ लागलो. राउटर आणि डबा मी चुलतभावाने दिलेल्या दुसऱ्या जुन्या बॅटरीवर चालवतो. आमच्याकडे आता लाईट गेली तरी टीव्ही सोडून सगळं चालू असतं. बायको स्वयंपाकघरात मोबाईलवर कीर्तन लावते आणि मला मुद्दाम ऐकवते, "भाकरीला वायफाय छान पोचतंय हो." आबा काही आमच्या ओटीवर बसायला आले नाहीत. मी एकदा चुलतभावाला म्हटलं, तू चहा घे, ही फेरी मी सांगतो. त्याने लगेच जागा दिली.

मी सांगायला लागलो. "सुटल्या. उजवी पुढे. साधारण दोन मीटर. आता दीड. चार सेकंद झाले. पाच. डावी जवळ येतेय, एक मीटर. रेघ. उजवी जिंकली. अकरा सेकंद आणि थोडं."

आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि बैल कुठं व्हतं रे?"

ओटी हसून फुटली. चुलतभावाला ठसका लागला, चहा सांडला. आबांनी माझा हात शोधून धरला आणि म्हणाले, "किती म्हणालास? अकरा? आपली जोडी तेवढं अंतर दहात मारायची. तू लिवलं व्हतंस."

मी हो म्हणालो. चुलतभाऊ तोवर परत येऊन बसला होता आणि पुढच्या जोडीच्या शिंगांचा रंग सांगत होता. आबांनी माझा हात सोडला आणि त्याच्याकडे कान दिला.

शर्यतींचा हंगाम संपायची वाट मी बघितली नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं, शहापूरला, त्याच डॉक्टरकडे. दुसऱ्या कुठल्या दवाखान्याची चौकशी केली नाही. चौदा हजार रुपये झाले. ते मी काउंटरवर भरले, पावती घेतली. नेणं-आणणं चुलतभावाच्या जीपने. आठ दिवसांनी दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरने आबांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. आबा चौथी शिकलेले. त्यांनी शेवटून दुसरी ओळ वाचली, आणि शेवटची "डॉक्टरांची बारीक लेखणी हाय" म्हणून सोडून दिली.

परत येताना रस्त्यात चहाला थांबलो. चुलतभाऊ चहा सांगायला गेला. मी आबांना म्हटलं, "आता दिसेल तुम्हाला. रविवारी आपल्याकडे बसा. मोठा टीव्ही आहे."

आबा पुढच्या सीटवर काळा चष्मा लावून बसले होते. म्हणाले, "दिसंल रे. पण नुसतं दिसून काय करायचं? तो बोलतो तिथंच बसणार मी. तू येतोस ना तिकडं? येत जा."

मी बाहेर उतरलो. चुलतभाऊ टपरीवर तीन कप हातात धरून उभा होता. मी त्याला विचारलं, गणपतीच्या आधी तपासणीला किती लागले होते.

"पाचशे."

मी पाकिटातून पाचशेची नोट काढली. तो जागचा हलला नाही, दोन्ही हातांत चहा होता.

"मला कशाला?" तो म्हणाला. "मी कुठं दिले? आबांनीच दिले व्हते, बंडीतनं काढून. मला हातच लावू दिला नाय. बोलले, पोराचा बाप हाय मी, पुतण्याच्या पैशानं डोळं दाखवू काय?"

ते ऐकून मला जे वाटलं ते मी त्याला दाखवलं नाही. एक कप त्याच्या हातातून घेतला आणि जीपपाशी गेलो. आबांना चहा दिला, आणि नोटही दिली.

"ही कसली?"

"तपासणीची. पावसाळ्यातली."

त्यांनी काळा चष्मा कपाळावर चढवला, नोट हातभर लांब धरली, उलटी करून बघितली. "पाचशेची हाय," म्हणाले, आणि घडी न करता बंडीच्या खिशात घातली. पावती नाही. पाचशे रुपये, रोख, आबांना.